'विक्रीसाठी नाही' म्हणजे 'नापास' नव्हे: पॉलिक्लिनिकच्या गोळ्या फेकू नका

माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर तिरंगा, खाली 'प्रत्येक फौजी बांधवापर्यंत पोहोचवा'. मजकूर थोडक्यात असा: ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधली (दवाखान्यातली) औषधं म्हणजे बाजारात नापास झालेला माल, म्हणूनच त्यावर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असतं. गोळीचा रंग सारखा बदलतो, कारण फौजींवर प्रयोग चालू आहेत. तेव्हा त्या गोळ्या फेका, बाहेरून नामांकित कंपनीच्या घ्या आणि बिलं जोडा, सगळे पैसे परत मिळतात. सरकारने योजनेचा निधी तसाही बंद केलाय, म्हणून पॉलिक्लिनिकं बंद करून रोख पैसे द्या अशी मागणी करा.

मी फार्मासिस्ट आहे. असे मेसेज रोज येतात, मी सोडून देते. हा सोडता आला नाही, कारण आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो खरा मानला. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल अशा बीपीच्या दोन्ही गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या आणि घरात चकार शब्द काढला नाही. सासूबाईंना कपाटात न फोडलेल्या स्ट्रिपा सापडल्या तेव्हा उलगडा झाला. बीपी मोजलं तर १९० वर ११०. त्या दिवशी काय होऊ शकलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून हे लिहिताना माझा आवाज चढलेला आहे.

आधी तो 'नापास माल'. हे ज्याने लिहिलं त्याने औषधांचा कायदा कधी उघडूनही पाहिलेला नाही. १९४५ च्या औषध नियमांत नियम ६५ मध्ये मेडिकल दुकानाच्या परवान्याच्या अटी दिल्या आहेत. त्यातली १८ वी अट सांगते की डॉक्टरांना दिलेली मोफत नमुन्याची औषधं, तसंच कामगार विमा, सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना), सरकारी औषध भांडारं आणि सैन्यदलांची औषध भांडारं यांच्यासाठी असलेली, तशी खूण असलेली औषधं दुकानदाराने विकायची नाहीत आणि दुकानात ठेवायचीही नाहीत. सैन्यदलांच्या भांडारांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. माझ्याकडे अशी एक स्ट्रिप जरी सापडली तरी माझ्या लायसन्सवर गदा येईल. तो शिक्का कशासाठी, हे यावरून कळायला हरकत नाही. सरकारने जवानासाठी विकत घेतलेली गोळी मधल्या मधे कुणी चोरून बाजारात खपवू नये, म्हणून तो असतो. म्हणजे ज्या शब्दांमुळे तुमचं औषध तुमच्यापर्यंत पोहोचतं, तेच शब्द दाखवून तुम्हाला ते फेकायला सांगितलं जातंय. संताप येतो तो याचा.

नापास औषध खरंच असतं, आणि त्याचं काय होतं तेही सांगते. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत न उतरलेल्या बॅचची यादी प्रसिद्ध करते. तो माल परत मागवतात, शिक्का मारून सैनिकांना वाटत नाहीत. आणि त्या यादीत फक्त स्वस्त औषधं असतात असंही नाही. २०२४ मध्ये तिच्यात घराघरांत माहीत असलेल्या ब्रँडची नावं आली होती. काही कंपन्यांनी तेव्हा सांगितलं की ती बॅच आमची नाही, आमच्या नावाने कुणीतरी बनावट माल काढलाय. म्हणजे बाहेरचं, महागडं आणि ओळखीच्या नावाचं घेतलं की धोका टळला, हेही खरं नाही.

आता गोळीचा रंग. आप्पांच्या दोन स्ट्रिपा मी त्यांच्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. जुनीतली गोळी पांढरी आणि लांबट, नवीतली गोल आणि फिकट गुलाबी. पुढचं नाव वेगळं, कंपनी वेगळी. मग दोन्ही उलट्या करून मागची बारीक अक्षरं त्यांना भिंगाने वाचायला लावली. दोन्हींवर तेच, टेल्मिसार्टन टॅबलेट्स आयपी, ४० मिग्रॅ. आयपी म्हणजे भारतीय औषधसंहिता. तिच्यातल्या कसोट्या गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या गोळीला आणि सरकारी पुरवठ्याच्या गोळीला एकच आहेत. सरकारी खरेदी दरकराराने होते, यंदा एका कंपनीचा दर बसतो, पुढच्या वेळी दुसरीचा. रंग आणि आकार त्या त्या कंपनीचा असतो, आतलं औषध तेच. यात प्रयोग कसला आलाय? शंका वाटली तर घटक आणि मिलिग्रॅम वाचा, आणि तिथे फरक दिसला तर गोळी न घेता डॉक्टरांना दाखवा.

पण गोळी मनाने बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी औषधं एकदम थांबवली की बीपी आणि नाडी उसळी मारतात, हृदयाचा त्रास असलेल्याला झटकाही येऊ शकतो. फिटच्या गोळ्यांचंही तसंच. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही.

'बिलं जोडा, पैसे परत' हे अर्धवट आहे. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरने लिहून दिलेलं औषध तिथे शिल्लक नसेल आणि चिठ्ठीवर तसा 'एनए' (नॉट अव्हेलेबल, म्हणजे उपलब्ध नाही) शेरा असेल, तरच बाहेरच्या खरेदीच्या परताव्याचा प्रश्न येतो. औषध खिडकीवर असताना मला दुसऱ्या कंपनीचं हवं म्हणून घेतलं, तर ते पैसे तुमच्या खिशातून गेले. बिल कितीही जपून ठेवा.

इथे मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. हा 'एनए' शेरा फार वेळा बसतो. गावाहून एसटीने यायचं, रांगेत थांबायचं आणि पाचांपैकी दोन औषधं घेऊन परतायचं, हा अनुभव खोटा नाही. कॅगने २०१५ मध्ये ईसीएचएसवर स्वतंत्र अहवाल दिला, त्यातही औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवलंय. आणि ही योजना फुकट नाही. २०१७ अखेरच्या दरांनुसार शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये एकरकमी भरावे लागतात. पैसे मोजलेल्या माणसाला औषध वेळेवर मिळालंच पाहिजे. त्यासाठी भांडा. 'एनए' झालेल्या प्रत्येक चिठ्ठीची प्रत ठेवा, ओआयसींकडे, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, वर पाठवा. मी स्वतः अर्ज लिहून देईन. पण 'औषध मिळत नाही' ही तक्रार वेगळी आणि 'मिळालेलं औषध विष आहे' ही अफवा वेगळी. दुसरीने पहिलीचं वजन घालवलं.

निधी बंद केल्याचं म्हणाल तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ईसीएचएससाठी ८,३१७ कोटी रुपये होते, आदल्या वर्षी ६,९६८ कोटी. पुरतात की नाही यावर वाद घाला, बंद झालेले नाहीत.

राहिली रोख पैशांची मागणी. पॉलिक्लिनिक लांब असलेल्यांना ती जवळची वाटते, हे मी समजू शकते. पण ओपीडीच्या सोयीऐवजी पेन्शनरला मिळणारा वैद्यकीय भत्ता किती आहे, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. २०१७ मध्ये तो महिना ५०० वरून १,००० रुपये झाला. आप्पांचं कदाचित तेवढ्यात भागेल. पण इन्सुलिन, हृदयाच्या गोळ्या आणि वर्षातून दोनदा तपासण्या असलेल्या, एकट्या राहणाऱ्या जवानाच्या विधवेचं भागणार नाही. पॉलिक्लिनिकं बंद करा म्हणून सही करण्याआधी आपल्याच गावातल्या अशा एखाद्या वहिनींच्या घरी जा, त्यांची औषधांची चिठ्ठी मागून घ्या आणि शेजारच्या मेडिकलमध्ये महिन्याच्या बिलाचा आकडा काढून आणा.