वायर ‘टोकाला’ म्हणजे पाच वर्षांत हार्ट फेल?

एक फॉरवर्ड फिरतोय: लाल गोल काढलेला एक एक्स-रे, आणि खाली: ‘पेसमेकरची वायर हृदयाच्या टोकाला असेल तर पाच वर्षांत हार्ट फेल. एक्स-रेत स्वतः बघा. तीन वायरींचा पेसमेकर म्हणजे बिल वाढवायचा धंदा. आता लेफ्ट बंडल पद्धत आली आहे, जुनी वायर काढून घ्या.’ हे आमच्या मावशीपर्यंत पोचलं. तिला पूर्ण हार्ट ब्लॉक आहे (वरच्या कप्प्यांची विद्युत लहर खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही), आणि आता वायर काढून हवी आहे!

आधी तो एक्स-रे. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये वायरचं टोक डावीकडे दिसतं, कारण उजव्या कप्प्याचं टोक छातीत मुळातच मणक्याच्या डावीकडे असतं. वायर उजव्या कप्प्यात आहे की डाव्या कप्प्यावरच्या शिरेत, हे बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये कळतं: उजवी छातीच्या हाडाकडे पुढे जाते, डावी मागे वळते.

‘टोक वाईट’ हे कुठून आलं असावं, याचाही अंदाज येतो. मॅडिट-सीआरटी या तीन वायरींच्या यंत्राच्या चाचणीतल्या 799 रुग्णांच्या वायरींच्या जागा तपासून 2011 मध्ये निष्कर्ष छापला गेला. वायर टोकाकडे असलेल्यांत हार्ट फेल्युअर किंवा मृत्यूचा धोका 1.72 पट; पुढची, बाजूची, मागची भिंत यांत मात्र फरक नाही. पण ही सगळी डावी वायर, म्हणजे तीन वायरींमधली डाव्या कप्प्याची! ती कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेतून पुढच्या लहान शिरेत सरकवतात. लेफ्ट बंडल ब्लॉकमध्ये (डाव्या कप्प्याकडे लहर नेणारा मार्ग बंद पडतो तेव्हा) डाव्या कप्प्याची बाजूची भिंत उशिरा आकुंचते, म्हणून तिला तिथूनच लवकर चालना द्यायची असते. वायर टोकाशी गेली की ती उजव्या वायरीच्या शेजारीच येते, आणि दोन्हीकडून एकदम सुरुवात करण्याचा फायदा उरत नाही. तरी कधी ती तिथे जाते, कारण वर ती शिरेत टिकत नाही, घसरते. शिवाय जवळच्या फ्रेनिक मज्जातंतूलाही चालना मिळून छाती-पोटामधला पडदा उचकीसारखा उडतो, तेव्हाही जागा बदलावी लागते. चार इलेक्ट्रोडच्या वायरीत यावर उतारा आहे: वायर न हलवता प्रोग्रामरवरून वरचा इलेक्ट्रोड निवडता येतो.

फॉरवर्डवाल्याने डाव्या वायरीचं पाप उजवीच्या माथी मारलं.

अर्धसत्य मान्य करतो. उजव्या टोकातून पेसिंग केलं (पेसमेकरने ठोका दिला) की लहर स्नायूतून रांगत डावीकडे उशिरा पोचते, आणि काहींचं पंपिंग खालावतं. पण किती जणांचं? पूर्ण ब्लॉक असलेल्या, सुरुवातीला पंपिंग चांगलं असलेल्या 823 जणांत सरासरी 4.3 वर्षांत 12.3 टक्के. ‘सगळ्यांचं’ नव्हे. आणि उजवी वायर टोकावरून दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर नेली तर? प्रोटेक्ट-पेस चाचणीत दोन वर्षांनी ईएफमध्ये (दर ठोक्याला कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो त्या आकड्यात) फरक दिसला नाही. पेसिंगने नुकसान होतं म्हणून डेव्हिड चाचणीचा (2002) दाखला कुणी देईलच. त्यातल्या लोकांना पेसिंगची गरजच नव्हती, विनाकारण दिलेलं पेसिंग त्यांना भोवलं. मावशीसारखीला ते विनाकारण नाही, तिचे ठोके त्यावर चालतात.

तीन वायरींबद्दल थोडक्यात: ब्लॉक-एचएफ चाचणीत (2013) ब्लॉक आणि 50 टक्क्यांपर्यंत ईएफ असलेल्यांना दोन्ही कप्प्यांचं, म्हणजे तीन वायरींचं, पेसिंग अधिक लाभलं. क्यूआरएस (ईसीजीत खालच्या कप्प्यांत लहर पसरायला लागणारा वेळ) 130 मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि पेसिंगची गरज नाही, अशांना मात्र ते देऊ नये. इको-सीआरटी चाचणीत अशा रुग्णांत मृत्यू वाढले.

सगळ्यात घातक ते ‘जुनी वायर काढून घ्या’. वर्ष-दोन वर्षांत वायर शिरेला, झडपेला, कप्प्याच्या भिंतीला चिकटते. ती ओढताना शीर किंवा हृदय फाटू शकतं, म्हणून हार्ट सर्जन तयार ठेवून खास शीथ (वायरीवरून सरकवायची नळी) किंवा लेझरने काढतात, तेही मुख्यतः इन्फेक्शन असेल किंवा वायर अडचण करत असेल तेव्हा. पंपिंग खरंच घसरलं तर जुनी जागेवर ठेवून सहसा नवी वायर जोडतात. लेफ्ट बंडल पद्धत, म्हणजे डाव्या कप्प्याकडे लहर नेणाऱ्या मूळ मार्गालाच चालना देणं, आश्वासक आहे. 40 रुग्णांच्या चाचणीत दोन्ही कप्प्यांच्या पेसिंगपेक्षा ईएफ जास्त सुधारला, पण तेवढ्यावरून मृत्यूदराबद्दल बोलता येत नाही.

तपासणीला गेल्यावर रिपोर्टमधली ‘व्हेंट्रिक्युलर पेसिंग’ची (खालच्या कप्प्यांचे किती ठोके पेसमेकरने दिले त्याची) टक्केवारी विचारा. ती 20 च्या वर असेल तर दरवर्षी टू-डी इको करून ईएफ आधीच्या आकड्याशी ताडून बघा. दम लागणं किंवा पायाला सूज आली तर वर्षभर थांबू नका. तीन वायरींचा पेसमेकर असेल तर उलट हीच टक्केवारी 98 च्या खाली का आली ते विचारा; एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आणि जादा ठोके ही नेहमीची कारणं.