ना खार, ना वटवाघूळ

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय. आफ्रिकेच्या पर्जन्यवनातली ‘उडती खार’ म्हणे खार आणि वटवाघूळ यांच्यामधला दुवा आहे. ती पंख फडफडवते, उडता यावं म्हणून तिच्या शेपटीवर खवले आलेत आणि तिचा भाऊ, ‘झेंकरेला’ नावाचा प्राणी, अजून उडायला शिकतोय! प्राणी खरे आहेत. बाकी बहुतेक सगळी भर आहे.

मुळात ती खार नाही. हे ॲनोमाल्यूर, कृंतकांचं (म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचं) वेगळंच कुळ. खऱ्या उडत्या खारी सह्याद्रीत आहेत, आफ्रिकेत एकही नाही. ॲनोमाल्यूरचा जवळचा नातलग म्हणजे तिथल्या माळरानावर कांगारूसारखा उड्या मारत जाणारा स्प्रिंगहेअर. (आपल्याकडे शेकरूलाही काही जण उडती खार म्हणतात. त्याला तरंगायला लागणारा कातडीचा पडदाच नसतो, तो नुसत्या झेपा घेतो.)

वटवाघळाशीही नातं नाही. वटवाघळाचा पंख लांबलेल्या बोटांवर ताणलेला असतो. ॲनोमाल्यूरचा पडदा कोपरातून निघालेल्या कूर्चेच्या काडीवर तोललेला असतो. उडत्या खारीत अशी काडी मनगटापासून निघते. म्हणजे तरंगण्याची युक्ती दोघांना स्वतंत्रपणे साधली. फडफडणं ॲनोमाल्यूर आणि उडती खार यांपैकी कुणालाच जमत नाही. उंच खोडावरून झेप घ्यायची आणि तरंगत दुसऱ्या खोडावर खाली उतरायचं, एवढंच. इडियुरस नावाचे चिमुकले ॲनोमाल्यूर पोकळ झाडांत कधी कधी वटवाघळांसोबत राहतात, पण शेजार म्हणजे सोयरीक नव्हे.

खवल्यांचा दावा तर झेंकरेलाच खोडून काढतो. त्याला पडदा नाही, तरी शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, तेच टोकदार खवले आहेत. खोडाच्या सालीत रुतून ते पकड देतात. तरंगण्याशी त्यांचा संबंध असता, तर न तरंगणाऱ्याला ते कशाला हवे होते?

आणि झेंकरेला काही शिकाऊ उमेदवार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार त्याची शाखा तरंगणाऱ्या भाऊबंदांपासून सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच फुटली. म्हणून त्याला स्वतंत्र कुळ दिलं गेलं. तोवर जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जेमतेम ११ नमुने होते. या अभ्यासासाठी आणखी तीन मिळाले, इक्वेटोरियल गिनीच्या बियोको बेटावरून, तेही गावकऱ्यांनी जमिनीवर लावलेल्या फासांत अडकलेले. तेव्हा उडायला शिकणं राहू द्या, हा प्राणी बराच वेळ जमिनीवर काढत असावा.