साहेबांची फिरकी धरताना

ज्यांना नुसतं कामच येतं, त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत अशी माणसं ढिगानं सापडतात. सकाळी येतात, मान खाली घालून बंद पडलेलं मशीन चालू करतात आणि रिकामा डबा वाजवत घरी जातात. दिवाळीत त्यांना काजूकतली मिळते, बढती शेजारच्याला. तुम्ही त्यांच्यातले असाल तर बसा जरा.

ऑफिसात साहेबांच्या आधी यायची गरज नसते, तुमची बॅग तेवढी खुर्चीवर आलेली असली पाहिजे. संध्याकाळी मात्र साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हलायचं नाही. तोवर मुलाचा शाळेतला प्रोजेक्ट उरकून घ्या. रात्री साडेअकराला एक मेल टाका. तो पाचलाच लिहून ठेवायचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. चहाला जाताना हातात फाइल हवी. आणि साहेब मराठीत ‘कसा काय भाऊ, मिसेस कसा हाय?’ म्हणाले, तर त्यांचं लिंग-वचन सुधारायला जाऊ नका. ‘साहेब, अगदी पुण्याचं मराठी वाटतं हो,’ म्हणा.

पण हे सगळं किरकोळ. आपल्या गावात खरी परीक्षा उत्तरायणाला होते.

14 जानेवारीला साहेबांना गच्चीवर बोलवा. रावपुऱ्यातली, दांडिया बाजारातली जुनी गच्ची असेल तर सोन्याहून पिवळं. जिना अरुंद आणि अंधारा असतो, साहेबांचा हात धरून वर न्यायची संधी मिळते. दोर त्यांच्या हातात, फिरकी तुमच्या. फिरकी धरणाऱ्यानं आकाशाकडे बघायचं नसतं, साहेबांच्या खांद्याकडे बघायचं असतं. त्यांना ढील हवी असेल तर ती मागावी लागता कामा नये. पतंग कापला गेला तर मांजा भिकार. कापला तर हात साहेबांचा. धाकट्या भावाला शेजारच्या गच्चीवर आधीच उभा करून ठेवा. त्यानं पेच लावायचा, थोडं झुंजायचं आणि मग हरायचं. लगेच हरला तर साहेबांनाही कळतं, शेवटी तेही याच गावात वाढलेले असतात. ‘काप्यो छे!’ ही आरोळी पहिली तुमची. थाळी वडील वाजवतील, त्यांना पेन्शन आहे, त्यांचं काय जातंय?

मग उंधियू, जिलबी आणि बायकोच्या हातची गुळपोळी. निघताना गुळपोळ्या बांधून द्यायच्या त्या स्टीलच्या डब्यात. प्लॅस्टिकचा डबा लोक फेकून देतात. स्टीलचा परत करावा लागतो.

उरलेल्या वर्षात साहेबांची प्रेझेंटेशनं करून द्या आणि खाली आपलं नाव घालायचा मोह आवरा. ही आपल्या गावची जुनी रीत आहे. अरविंद घोष 1893 पासून बडोदा सरकारच्या नोकरीत होते. महाराजांच्या भाषणांचे मसुदे करून देणं हेही त्यांच्याकडे असे. आता ते 1906 मध्ये हे गाव सोडून थेट क्रांतीच्या कामाला लागले, याचा संबंध मी मसुद्यांशी जोडत नाही.

उलट कसं वागू नये, याचा धडा खुद्द सयाजीराव महाराजांनी घालून दिलाय. 1906 साली संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण, 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा, गावोगाव वाचनालयं – आजच्या भाषेत बोलायचं तर ‘परफॉर्मन्स’ उत्तम. आणि 12 डिसेंबर 1911 ला दिल्ली दरबारात काय केलं? बादशहापुढे तीनदा लवून, पाठ न दाखवता मागे मागे सरकत यायचं, एवढं साधं काम. महाराज एकदाच लवले आणि सरळ पाठ फिरवून चालू लागले. झालं! इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोह म्हणून रान उठवलं, व्हाइसरॉय हार्डिंगना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. शाळा कुणी मोजल्या नाहीत, मुजरे मोजले. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, बाग आहे, ते ठीक. पण वार्षिक अहवालात शेरा काय पडला असेल, याचा विचार करा. गृहकर्ज फेडणाऱ्या माणसाला पाठ फिरवणं परवडत नाही.

एक धोका मात्र राहतोच. इतकं सगळं जमून येतं, साहेब तुम्हाला ‘आपणो माणस’ म्हणू लागतात, आणि नेमकी त्यांची बदली होते. डबाही त्यांच्याबरोबर दहेजला जातो. तेव्हा रडत बसू नका. निरोप समारंभात डोळे पुसून झाले की थेट एचआरच्या बेनना गाठा. नवे साहेब चेन्नईचे आहेत म्हणे, त्यांना ऊन सोसत नाही आणि पतंगाची भीती वाटते. अलकापुरीत बरी फिल्टर कॉफी कुठे मिळते, ते रविवारच्या आत शोधून ठेवा.