माणसांनी बांधला म्हणून काय झालं?

आज सकाळी आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरायला गेलो आणि डोकं फिरवून घरी आलो. आमच्या ग्रुपमधले एक काका चहा पिता पिता म्हणाले, "हा कसला पाणथळ अन् बिणथळ! भोसल्यांनी बांधलेलं टाकं आहे. कोर्टानंही तेच सांगितलं." आणि वरून हसले!

हो, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की फुटाळा मानवनिर्मित आहे, म्हणून २०१७च्या पाणथळ नियमांत बसत नाही. नियमात लिहिलंय तेच त्यांनी वाचलं. पण त्यात हसण्यासारखं काय आहे, बाप्पा?

माझं आजोळ गोंदियाकडचं. तिकडे मामा तलाव असतात, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांचे) तलाव. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या माती वाहून पारी, म्हणजे बांध, घातल्या, धानाला पाणी मिळावं म्हणून. आबाजी मला पहाटे पारीवर न्यायचे. सारसांच्या जोडीतले दोघंही दिसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एक दिसला तरी उठायचं नाही. दुसऱ्याने मान वर काढली की मग, "दोनी हायेत. चाल मंग." त्या सारसांना कोणी सांगितलं होतं का, की हा तलाव खोटा आहे?

१९७१ साली २ फेब्रुवारीला इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या व्याख्येतच आहे, पाणथळ नैसर्गिक असो की कृत्रिम. त्या कराराखालच्या स्थळांच्या यादीतली आपली पहिली दोन नावं चिल्का आणि भरतपूरचं केवलादेव. यातलं केवलादेव म्हणजे राजाने बदकांच्या शिकारीसाठी बांध घालून अडवलेलं पाणी! भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाचा. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर, तेही गोदावरीवर बंधारा घातला म्हणून झालं. विदर्भाच्या वाट्याला एकटं लोणार, आणि तेवढं मात्र आकाशातून दगड पडून झालेलं. आम्ही हातपाय हलवलेच नाहीत.

देशात अशी नव्वदच्या वर स्थळं आहेत. इंदूरला तर २०२५ मध्ये रामसरकडून पाणथळ शहराचा मान मिळाला. आपण इंदूरवाल्यांशी भांडतो ते फक्त पोह्यांवरून. आमचे तर्रीवाले भारी! बरं, तलावाचं काय?

शिक्का लागला म्हणजे पाणी निवळतं असंही नाही. मणिपूरचं लोकटक रामसर यादीत आहे आणि धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही आहे. ठीक. पण २३ सप्टेंबर २०२३ ला आमचा अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा कोणी विचारलं होतं का, हे पाणी नैसर्गिक आहे की मानवनिर्मित? लोकांच्या घरात फ्रीज तरंगत होते.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्याच काकांनी त्या दिवशी आमच्या गल्लीत डबे वाटले होते, स्वतःची गाडी चिखलात बुडालेली असताना. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना पारीवर कोणी नेलं नाही.

मघाशी मामेभावाला फोन केला. म्हटलं, सारस आहेत का रे अजून? म्हणाला, "मागच्या हप्त्यात एक दिसला होता."

आणि दुसरा?

"असंल ना धानात कुठी."