‘धंद्यात रिझल्ट बघतात, कर्तव्य नाही’ हे का पटत नाही

व्यवस्थापनावरचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. म्हणणं असं: कर्तव्याची नीती, म्हणजे परिणाम काहीही होवो, योग्य तेच करायचं, ही वर्गात शोभते, धंद्यात शेवटी रिझल्ट बघतात. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं ऐकाल तर घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारणाऱ्या खुन्यालाही खरं सांगावं लागेल. आणि प्रामाणिकपणा फायद्याचाच असतो, मग कर्तव्य मध्ये कशाला?

आधी रिझल्टचं बघू. निर्णय घेताना तो कुणाच्याच हातात नसतो. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते नासाला फोनवर सांगत होते, की थंडीत सांध्यांमधल्या रबरी कड्या ताठरतात, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण करू नका. वर्षभरापूर्वी ५३ अंश तापमानात झालेल्या उड्डाणात तप्त वायू पहिली कडी ओलांडून गेला होता, मागे काजळी सापडली होती. पण ते यान सुखरूप परतलं होतं. तोवरची सगळी २४ उड्डाणं सुखरूप परतली होती. रिझल्टच बघायचा, तर हरकत कशाची?

नासाने नाराजी दाखवल्यावर कंपनीने आपसात बोलायला वेळ मागून घेतला. तिथे वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला सांगितलं, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. प्रमुखाने मत बदललं. दुसऱ्या दिवशी ७३ व्या सेकंदाला यान फुटलं, सात जण गेले.

सुरक्षित असल्याची खात्री पटल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे अभियंत्याचं कर्तव्य. त्या रात्री उलट अभियंत्यांनीच धोका सिद्ध करून दाखवावा, अशी अपेक्षा झाली. समजा त्या दिवशीही यान परतलं असतं, तरी तो होकार चुकीचाच होता.

यावर उत्तर येतं, की आम्ही संभाव्य परिणाम मोजतो. मोजा. फोर्ड या मोटार कंपनीच्या १९७३ च्या टिपणात मोजले होते: इंधनगळती आणि आग टाळणाऱ्या सुधारणेला दर गाडीमागे ११ डॉलर, एकूण खर्च १३ कोटी ७० लाख. समोर १८० मृत्यू, प्रत्येकी २ लाख डॉलर, शिवाय जखमी आणि जळालेल्या गाड्या धरून फायदा ४ कोटी ९५ लाख. (हे टिपण पिंटो गाडीला मागून बसणाऱ्या धडकेबद्दल होतं असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीच्या सरकारी नियमाबद्दल ते होतं, आणि माणसामागे २ लाख हा आकडाही सरकारी संस्थेचाच होता.) गणित चुकलेलं नाही. पण पैसे एकाचे वाचणार आणि जळणार दुसरा, त्या दुसऱ्याला कुणी विचारलं का, याला त्या तक्त्यात जागाच नाही.

खुन्याचं उदाहरण कांटने १७९७ मध्ये खरंच दिलं, आणि मलाही ते पटत नाही. पण कर्तव्यनीती तिथे थांबलेली नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्येच मांडलं, की कर्तव्यं अनेक असतात, ती एकमेकांना भिडतात, आणि त्या प्रसंगी जे जड ते पाळायचं.

राहिला फायदा. कांटचाच १७८५ मधला दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही वाजवी भाव लावतो, कारण त्याला धंदा टिकवायचा आहे. त्याला पकडलं जाण्याची भीती उरली नाही तर? फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायचं. हे अनेक वर्षं चाललं आणि २०१५ मध्ये उघड झालं. संशोधकांनी त्या गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या नसत्या, तर फायद्याच्या हिशेबाने तिथल्या अभियंत्याला कोणत्या दिवशी थांबवलं असतं?