बॅन्फ एका दिवसात उरकायचं असेल तर

मुलगा किंवा मुलगी कॅल्गरीला असेल, तुम्ही दोघं व्हिजिटर व्हिसावर आलेले असाल आणि कॉस्टको, मंदिर, पोरांच्या मित्रांकडचं पॉटलक, पुन्हा कॉस्टको एवढं सगळं बघून झालं असेल तर पुढचा नंबर बॅन्फचाच, म्हणजे जवळच्या डोंगरातल्या नॅशनल पार्कचा. पोरांना सुट्टी नसते. असली तरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तेच डोंगर दाखवून ती इतकी वैतागलेली असतात की गुपचूप ऑनलाइन दोन सीटा बुक करतात आणि रात्री जेवताना सांगतात, बाबा, उद्या तुम्ही आणि आई गाईडेड टूरला चाललाय, सगळं तेच करतात, तुम्हाला काही म्हणजे काही बघावं लागणार नाही. टूरवाले हा शब्द तंतोतंत पाळतात.

बस सातची असेल तर सव्वासहालाच पोचा. डाउनटाउनच्या हॉटेलसमोर त्या वेळी चिटपाखरू नसतं आणि जुलैतसुद्धा थंडी बोचते, पण पहिली सीट ती पहिली सीट, आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली विद्या इथे अजून कोणाला फारशी अवगत नाही. डावी बाजू घ्यायची की उजवी यावरून नवरा-बायकोत वाद नको. कुठलीही घ्या, डोंगर दुसऱ्या बाजूला असतो.

गाईड आणि ड्रायव्हर बऱ्याचदा एकच माणूस असतो, म्हणजे ज्याने समोर बघायला हवं तोच माईकवर सांगत असतो की जरा डावीकडे मागे बघा, काय सुंदर आहे. कॅल्गरी ते बॅन्फ साधारण १३० किलोमीटर, तेवढ्यात तो तुम्हाला पार्कचा सगळा इतिहास सांगून मोकळा होतो आणि तुम्ही तेवढ्यात दशम्यांचा डबा उघडून मोकळे व्हा. थोडक्यात सांगायचं तर १८८३ साली रेल्वेच्या तीन कामगारांना तिथे एका गुहेत गरम पाण्याचे झरे सापडले, मालकी कोणाची यावरून भांडणं लागली, मग १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली आणि तीच वाढत वाढत आज ६,६४१ चौरस किलोमीटर झालीये, कॅनडाचं पहिलं नॅशनल पार्क. आपल्याकडे गरम पाण्याचं कुंड सापडलं की शेजारी देऊळ येतं, वज्रेश्वरीला बघा ना. इथे हॉटेल आलं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने डोंगरातून रूळ टाकण्यात भरमसाठ पैसा घातला होता, तो वसूल करायचा तर गाडीत पैसेवाली माणसं बसायला हवीत, आणि ती बसायची तर त्यांना उतरायला राजवाड्यासारखं काहीतरी हवं, म्हणून १८८८ मध्ये बॅन्फ स्प्रिंग्स हॉटेल उघडलं. तेव्हा तुम्ही बसमधून उतरत नाही, चालत नाही, निसर्गाशी तुमचा काही संबंध येत नाही असं सुनबाई म्हणाली तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका, हे पार्क जन्मापासून तुमच्यासारख्यांसाठीच आहे. पाठीवर सॅक लावून आठ आठ दिवस आत फिरणारे ते खरे उपरे.

स्टोनी नाकोडा, म्हणजे इथले मूळ रहिवासी, पिढ्यान्‌पिढ्या याच खोऱ्यात शिकार करायचे. पार्क झाल्यावर त्यांना शिकारीला मज्जाव झाला, हद्दीबाहेर ठेवण्यात आलं, आणि मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हॉटेलातले पाहुणे कंटाळायला लागले तेव्हा त्याच लोकांना पारंपरिक वेषात नाच आणि घोड्यांच्या शर्यती दाखवायला दर उन्हाळ्यात बोलावू लागले. हे सगळं गाईड सांगेलच असं नाही. सांगितलंच तर अर्ध्या वाक्यात, आणि तेही नेमकं तुम्ही चटणीची पुडी सोडत असता तेव्हा. पुडी सोडून घ्या, सकाळी सकाळी मूड कशाला घालवायचा.

पुढे हायवेवर एक पूल दिसेल, त्याच्यावर झाडं उगवलेली. तो जनावरांसाठी आहे. बॅन्फमध्ये ट्रान्स कॅनडा हायवेवर असे वरून जाणारे ६ आणि खालून जाणारे ३८ रस्ते खास प्राण्यांसाठी बांधलेत, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय, आणि त्यामुळे गाड्यांखाली मरणाऱ्या प्राण्यांचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलंय, सुरुवातीला लोक हसले होते म्हणे की अस्वल काय पुलाची पाटी वाचणार आहे का. अस्वलं वापरतात हो व्यवस्थित. आता तुलना करू नये पण होतेच, अस्वल त्या पुलावर मधेच थांबू शकतं, वास घेऊ शकतं, आज नको उद्या जाऊ म्हणून परत फिरू शकतं, आणि तुम्हाला अकरा चाळीसला बसमध्ये हजर व्हायचंय नाहीतर अख्ख्या बसच्या नजरा झेलायच्यात.

अस्वल दिसणार का हा प्रश्न गाईडला दर पंधरा मिनिटांनी विचारत चला. एकाने विचारून भागत नाही, प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र विचारायचा असतो. दिसलंच तर रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिला इथे बेअर जॅम म्हणतात, आणि नियम असा की अस्वलापासून १०० मीटर लांब राहायचं, एल्क आणि हरणांपासून ३०. एवढ्या लांबून मोबाईलमध्ये अस्वल म्हणजे एक काळा ठिपका येतो, पण फॅमिली ग्रुपवर टाकायला ठिपका पुरतो, वर लाल गोल काढून टाका. पिकनिकच्या टेबलाजवळ खारीसारखं काहीतरी दोन पायांवर उभं राहून तुमच्याकडे बघेल, बिचारं किती गोड दिसतं, तुमच्या हातात शेंगदाणे असतीलच. पार्कमध्ये प्राण्यांना खायला घालण्याचा दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. रुपयांत करून बघा. गावाकडे गुंठाभर जागा येईल. तरी एक शेंगदाणा टाकायचा मोह होणारच, त्याशिवाय आपण आपण कसे.

मोरेन लेकला मात्र तुमचा रुबाब. २०२३ पासून तिथे खाजगी गाड्या न्यायला बंदी आहे, कारण पार्किंगसाठी लोक मध्यरात्रीपासून येऊन बसायचे, म्हणजे निसर्गाच्या सान्निध्यात पहाट अनुभवायची आणि तीही गाडीत, हीटर लावून. आता पार्कची शटल किंवा तुमच्यासारखी टूरची बस. त्यामुळे तुमचा मुलगा, ज्याच्याकडे दोन गाड्या आणि कॅनडाचा पासपोर्ट आहे, तो स्वतःच्या गाडीने तिथे जाऊ शकत नाही, आणि तुम्ही सहा महिन्यांचे पाहुणे थेट तळ्यापर्यंत. हे त्याला घरी गेल्यावर एकदा तरी ऐकवा.

तिथे वेळ मिळतो पाऊण तास. त्याचा हिशोब आधीच मांडून ठेवा, वीस मिनिटं वॉशरूमची लाइन, दहा मिनिटं अहो कुठे आहात तुम्ही, पाच मिनिटं बसकडे परत, राहिली दहा. या दहा मिनिटांत समोरच्या दगडांच्या ढिगावर चढायचं, कारण दहा शिखरांचा जो देखावा पूर्वी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर होता तो तिथूनच दिसतो. ढीग फार उंच नाही, पायऱ्याही केल्यात, पण वर जायचं तर सेल्फी काढणाऱ्या पाच-सहा लग्नाळू जोड्या ओलांडून जावं लागतं. पाणी इतकं निळं का, तर हिमनद्या खडकाला घासत घासत खाली येतात, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण होऊन पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावरून प्रकाश असा विखुरतो की निळा-हिरवा तेवढा डोळ्यांपर्यंत येतो. हे गाईड सांगणार, पण त्याआधी दर उन्हाळ्यात तळं रिकामं करून तळाला निळा रंग देतात हा इथला पुरातन जोक मारणार, आणि मागच्या सीटवरचे काका तोच खरा धरून संध्याकाळी पुण्याला फोन लावणार. जूनच्या सुरुवातीला गेलात तर तळं गोठलेलंही असू शकतं, ऑगस्टमध्ये गेलात तर कुठेतरी लागलेल्या वणव्याचा धूर शिखरांसमोर पडद्यासारखा लोंबत असू शकतो. दोन्ही वेळा तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, ब्रोशरमधला फोटो मात्र बघायला मिळतो, तो बघून घ्या.

लेक लुईजला व्हिक्टोरिया राणीच्या लेकीचं नाव दिलंय. स्टोनी लोकांचं स्वतःचं नाव होतंच, छोट्या माशांचं तळं अशा अर्थाचं, पण ते ब्रोशरवर छान दिसलं नसतं. तिथे लाल कनू, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या दिसतील, तासाला दीडशे डॉलरच्या घरात भाडं. बायको म्हणेल बसू या का. अशा वेळी गुणाकार मोठ्याने करा, नऊ-दहा हजार रुपये होतात, तिचाच उत्साह आपोआप मावळतो आणि कंजूष कोणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या कनूचा फोटो फुकट आहे.

बॅन्फ ते लेक लुईजच्या वाटेत कॅसल माउंटन लागतो, किल्ल्यासारखाच दिसतो, त्यामुळे आपल्याला त्याचं फार कौतुक वाटत नाही. याच्या पायथ्याशी पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७, एक छावणी होती. युक्रेनकडून पोटापाण्यासाठी कॅनडात आलेली गरीब माणसं, त्यांचा मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात येत होता एवढ्या एका कारणाने त्यांना शत्रू ठरवून तिथे तंबूत डांबलं आणि लेक लुईजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामाला जुंपलं. हिवाळ्यात त्यांना बॅन्फजवळ हलवायचे, त्याच गरम झऱ्यांपाशी. कामासाठी दुसऱ्या देशात गेलेल्या माणसांची ही गोष्ट, आणि बसमध्ये निम्मे लोक कामासाठी दुसऱ्या देशात गेलेल्या मुलांचे आईबाप. छावणीच्या जागी जुन्या रस्त्याला स्मारक आहे. बस हायवेने जाते, वेळ वाचतो, तो वेळ बॅन्फ गावात फज आणि फ्रिज मॅग्नेट घेण्यासाठी राखून ठेवलेला असतो.

सल्फर माउंटनचा गोंडोला, म्हणजे आपला रोपवे, आठ मिनिटांत वर नेतो, पायी साडेपाच किलोमीटरची वळणावळणाची वाट आहे. वाट बघून आम्ही कळसूबाई चढलोय हो, असं बसमधल्या अनोळखी लोकांना सांगावं आणि गोंडोलाच्या रांगेत उभं राहावं. मिनेवांका तळ्याखाली एक अख्खं गाव आहे, १९४१ च्या धरणात बुडालेलं, पाणबुडे खाली जाऊन घरांचे पाये बघून येतात. हे ऐकून मुळशीकडचा कोणी बसमध्ये असेल तर तो गाईडला विचारेल की माणसांचं काय झालं. गाईड म्हणेल, ते सुट्टीतल्या हौशी लोकांचं गाव होतं, आणि घड्याळ बघेल.

परतीच्या वाटेवर सगळी बस झोपते. झोपा. दोन्ही बाजूंना डोंगर उन्हात पेटल्यासारखे असतात म्हणतात, पण मोबाईलची बॅटरी संपलेली असल्यामुळे बघून तरी काय करायचं. उतरताना गाईडच्या हातात टिप ठेवायची पद्धत आहे, पुढचा किती देतो ते वाकून बघून त्याहून थोडी कमी द्या. पोरगं खरं तर चांगलं असतं, त्याला विचारलं असतं तर छावणीबद्दलही सांगितलं असतं त्याने, पण दिवसभर त्याला सगळ्यांनी विचारलं काय, तर वॉशरूम कुठे आणि अस्वल कधी.

आणि घरी जायच्या आधी पुढच्या आठवड्याचं बुकिंग करून टाका, शेजारच्या जॅस्पर पार्कमधल्या अथाबास्का ग्लेशियरचं. तिथे जवळजवळ माणसाएवढ्या उंच टायरांची बस थेट बर्फावर नेऊन सोडते. हे ग्लेशियर गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय, कुठल्या साली बर्फ कुठपर्यंत होता त्याच्या पाट्या वाटेवर लावल्यात, दोन पाट्यांमधलं अंतर बघत बघत चढायचं असतं. तेव्हा जायचं असेल तर ह्याच वर्षी जा, नंतर गेलात तर उगाच आणखी चालावं लागेल.