लोण्यासारखा माल आणि काकांची गॅलरी

रविवारी सकाळी सातला धायरीहून काकांचा फोन. घराला पुढे गॅलरी काढतायत, दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा. "अगं, तो मेसेज वाचलास का? आपला मिस्त्री उगाच पाण्यात हात आखडता घेतो!"

वाचला होता. भिशीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच फिरतोय. म्हणे घराच्या बांधकामाला 53 ग्रेडचंच सिमेंट घ्या, 1:2:4 (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) सगळ्याला चालतं, पाणी सढळ हाताने घाला म्हणजे माल लोण्यासारखा पसरतो, आणि तीन दिवस पाणी मारलं की झालं.

पाण्याचंच आधी बोलते, कारण घराचं नुकसान करणारा मुद्दा तो आहे. आयएस 456:2000 हे आपलं काँक्रीटचं भारतीय मानक. त्यात एम20 या ताकदीच्या नॉमिनल मिक्सला (ठरीव प्रमाणात कालवलेल्या मालाला) 50 किलोच्या एका गोणीमागे पाण्याची कमाल मर्यादा 30 लिटर दिली आहे. म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, आणि वाळू ओली असेल तर तेवढं पाणी त्यातून वजा. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्याच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी. बाकीचं निव्वळ कालवणं सोपं जावं म्हणून. ते उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्यांतून पावसाचं पाणी सळईला पोचतं, सळई गंजून फुगते आणि खालचे पोपडे गळायला लागतात. काका, तुमच्याच मोरीवरचा छज्जा खालून बघा. तांबडी सळई दिसते ना? तिथेही माल असाच 'लोण्यासारखा' पसरला असणार.

बरं, अगदी कोरडा मालही नको, एवढं त्या मेसेजचं खरं. तो सळयांमध्ये नीट बसत नाही, मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. पण त्यावर उपाय व्हायब्रेटर, नाहीतर इंजिनिअरला विचारून प्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाण्याशिवाय माल सैल करणारं रसायन. तिसरी बादली नव्हे.

1:2:4 म्हणजे साधारण एम15. फरशीखालच्या कोब्याला ठीक. सळईच्या कामाला तेच मानक किमान एम20 मागतं, म्हणजे ढोबळमानाने 1:1.5:3. आणि घमेली मोजायची असतील तर सपाट भरून. एकदा शिगोशीग, एकदा अर्धं, हे प्रमाण नव्हे.

53 ग्रेडला ताकद लवकर येते, हे कबूल. पण घाई नसेल तर पीपीसी (राखेसारखा पदार्थ मिसळलेलं सिमेंट) उत्तम चालतं, गिलाव्याला तर नक्कीच.

तीन दिवस पाणी? पुण्याच्या एप्रिलात? पीपीसीला किमान दहा दिवस, शक्यतो चौदा. आळी करून पाणी साठवा, कडांवर ओलं गोणपाट टाका.

आणि गॅलरी बाहेर लोंबती असते, तिची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी. माल ओतताना माणसं ती तुडवून खाली घालतात. सोमवारी काकांनी खुर्ची टाकून तेवढं बघावं, बादल्या मिस्त्री मोजेल.